घेणारा, देणारा की निरोप्या?

परवा आमच्या कॉलेजात नव्या सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण झालं. बाहेरगावाहून आलेल्या एका मुलाने भिंतीवर चित्रं दाखवत भरपूर बोलून घेतलं आणि शेवटी विचारलं, "सगळ्यांना समजलं ना?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. शेजारच्या इंग्रजीच्या बाईंनाही कळलं नसावं, कारण त्या मघापासून कागदावर फुलं काढत होत्या. तरी माना हलल्या. माझी नजर सवयीने मागे, खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेली. ती रिकामी होती. सानप सर तिथे असते तर त्यांनी हात वर केला असता आणि भर सभेत, जरा ओरडूनच म्हटलं असतं, "मला कळलं न्हाई. परत सांगा."

हे वाक्य आमच्या कॉलेजात इतकं गाजलेलं होतं की पोरं त्याची नक्कल करत. केजच्या पुढे, अंबाजोगाईच्या रस्त्याला आमचं कॉलेज. मी तिथली ग्रंथपाल आणि सानप सर फिजिक्सचे. उंच, पुढे थोडे वाकलेले, सफारीच्या वरच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. चष्मा कपाळावर चढवून तो शोधण्यात त्यांच्या आयुष्याचा बराच काळ गेला. चेहरा कायम असा, की आत्ताच कुणीतरी झोपेतून उठवून कुठल्यातरी भलत्याच गावाला उतरवून दिलंय. वर्गात एखादं सूत्र मांडता मांडता मध्येच थांबायचे, फळ्यापासून चार पावलं मागे यायचे आणि पोरांनाच विचारायचे, "हे कावून असं झालं बे?" पोरं पोट धरून हसायची. पण हसून झाल्यावर फळ्याकडे बघायची, कारण सर खरोखरच अडकलेले असायचे. त्यांच्या विषयात आमच्याकडे कुणी फारसं नापास होत नसे आणि याचं कारणही सरांना कळलेलं नव्हतं.

मी तशी तापट बाई आहे. एक गोष्ट दोनदा सांगावी लागली की माझं डोकं फिरतं. आणि नेमकी माझी आणि सरांची गाठ खरेदी समितीत पडली.

त्याचं असं झालं. प्राचार्यांच्या घरची इस्त्री एकदा सरांनी दुरुस्त करून दिली. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजच्या सगळ्या कॉम्प्युटरचे प्रमुख झाले. आपल्याकडे प्रमुख असेच होतात. सरांनी तक्रार केली नाही. त्यांनी फक्त विचारलं, "इस्तरीत वायर एकच असती. हिथं तर लई हाईत. कोणची कुटं जाती?" सगळ्या वायरी एका जुन्या डब्यात जायच्या, तो डबा म्हणजे राउटर, आणि ऑफिस, लॅब, ग्रंथालय, वसतिगृह असं सगळं एकाच दावणीला बांधलेलं होतं. वसतिगृहातली पोरं क्रिकेटची मॅच लावून बसली की ऑफिसात फी भरणं बंद पडायचं. एकदा तर एका पोराने आपला लग्नाचा बायोडाटा छापायला दिला आणि तो निघाला प्राचार्यांच्या टेबलावरच्या प्रिंटरमधून. प्राचार्य चष्मा लावून वाचतायत: उंची, रंग गोरा, घरची बागायती. सरांनी कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पण हे हिथवर आलं कसं?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांना खरंच तेच जाणून घ्यायचं होतं.

आता या वायरींचा आणि सरांच्या जिवाचा काय संबंध, ते सांगायला हवं. मीरा नावाची त्यांची एक विद्यार्थिनी होती. हुशार, अबोल, ग्रंथालयात माझ्या समोरच्या बाकावर बसायची. तिने पुढच्या प्रवेशाच्या ऑनलाइन परीक्षेचा फॉर्म भरला आणि केंद्र आलं पार दुसऱ्या जिल्ह्यात. आईवडील ऊसतोडीला गेलेले, घरी फक्त आजी. मुक्कामाला जायचं म्हणजे सोबत पाहिजे, सोबतीला कुणी नाही. पहाटेची एसटी त्या दिवशी आलीच नाही. मीरा फाट्यावर उभी राहून राहून घरी परत गेली. पुढच्या हंगामात तिचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ट्रकमध्ये बसली. सरांना हे कळलं तेव्हा ते माझ्याकडे ग्रंथालयात आले, तिच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, मला हे कळलं न्हाई. पोरगी हुशार. परीक्षा हाय. मग मधी काय आडवं आलं?"

मी म्हटलं, "सर, रस्ता आडवा आला."

"मग परीक्षाच हिकडं आणावी लागंल की."

मला वाटलं, बोलतायत. पण त्या दिवसापासून माणसाला ध्यास लागला. पोरीनं सकाळी डबा बांधून निघावं आणि दिवे लागायच्या आत घरी यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी परीक्षा घेणाऱ्या संस्थेला पत्रं लिहिली, फोन केले, फोन उचलणाऱ्याला चार चार वेळा परत सांगायला लावलं. शेवटी कंटाळून असेल, पण उत्तर आलं. केंद्र मिळेल. अट अशी की परीक्षेच्या लॅबचं नेटवर्क बाकीच्या कॉलेजपासून वेगळं असलं पाहिजे, तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरला त्याचा पत्ता आपोआप मिळाला पाहिजे, आणि दसऱ्यानंतर आमचा माणूस येऊन चाचणी घेईल. चाचणीत नापास झालात तर केंद्र दुसरीकडे. सर त्याच हिवाळ्यात निवृत्त होणार होते. म्हणजे जे काय व्हायचं ते याच खेपेला.

वेगळं करायला वायरी परत ओढायची गरज नसते म्हणे. एक चांगला स्विच घ्यायचा, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा, आणि त्याला सांगायचं की ह्या वायरी एका घरच्या, त्या दुसऱ्या घरच्या, कुणी कुणाच्या अंगणात जायचं नाही. एकाच डब्यात भिंती. याला व्हीलॅन म्हणतात. इथपर्यंत मलाही समजलं. पुढचा प्रश्न सरांनी काढला आणि आमचा पूर्ण पावसाळा त्यात गेला. प्रश्न असा: पत्ते कोण देणार?

कॉम्प्युटर चालू झाला की तो आधी ओरडतो म्हणे, मला पत्ता द्या. जुन्या व्यवस्थेत एकच घर, तो जुना राउटर ऐकायचा आणि पत्ता द्यायचा. आता भिंती घातल्या तर एका घरातली हाक दुसऱ्या घरात जाणार नाही. मग तीन घरांत तीन देणारे ठेवायचे का? की एकच ठेवायचा आणि त्याच्यापर्यंत हाक पोचवायची? पोचवायची तर कुणी?

खरेदी समितीत सर आणि मी होतो, म्हणून आम्हीच बीडच्या दुकानदाराला बोलावलं. पिंटूशेठ. पिंटूशेठ तीन कोटेशन घेऊन आले. खरेदीला तीन दुकानांची कोटेशन लागतात, ती तिन्ही ते एकटेच आणत, ही पद्धत सगळ्या तालुक्यात चालते. त्यांनी सांगितलं, "सर, हा स्विच घ्या, सगळं होतंय." सरांनी पुण्यात कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या भाच्याला फोन केला. भाचा म्हणाला, "मामा, स्विच पत्ते देत नाही, पत्ते राउटर देतो." मग सरांनी परीक्षेवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, एक वेगळा कॉम्प्युटर फक्त पत्ते द्यायला ठेवा. सर फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"तिघांनी तीन सांगितलं, मॅडम. आन तिघंबी शाणे हाईत. मग खोटं कोण?"

खरी गंमत ही होती की खोटं कुणीच नव्हतं. डबा कसला घेतो त्यावर तिन्ही तऱ्हांनी काम होतं. पण हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक! आम्ही रोज दुपारी ग्रंथालयात बसायचो. सर खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढायचे, सोलायचे, दाणे माझ्यासमोर ठेवायचे आणि टरफलांच्या टेबलावर रांगा करायचे. हे ऑफिस, ही लॅब, हे तुमचं ग्रंथालय. मग एक टरफल उचलून म्हणायचे, "आता ह्यो वरडला." आणि तिथेच अडकायचे. मी दाणे खात बसायची. एखाद्या दिवशी इतका वैताग यायचा की वाटे, फुंकर मारून सगळं नेटवर्क उडवून द्यावं.

एका गोष्टीने ते फार अस्वस्थ झाले होते. भाच्याने सांगितलं की दिलेला पत्ता कायमचा नसतो, मुदतीवर असतो. मुदत संपली की परत मागून घ्यावा लागतो, नाहीतर तो दुसऱ्याला जातो. सरांना हे पटेना. "दिलेलं परत घेत्यात व्हय? आमच्यात न्हाई अशी रीत."

मी कपाटाकडे बोट दाखवलं. "सर, पुस्तक देते ना मी? पंधरा दिवसांनी परत घेते की नाही? नाहीतर दुसऱ्याने वाचायचं काय? पाहिजे असेल तर मुदत वाढवून न्यायचं."

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. नंतर ते ही गोष्ट दिसेल त्याला सांगत सुटले, आणि प्रत्येक वेळी "हे मॅडमनी सांगितलं" असं आवर्जून म्हणत. मला तेव्हा त्यांचा राग आला नाही, एवढं मी कबूल करते.

मग एक दिवस त्यांनी कमाल केली. टरफलांनी भागेना, तर त्यांनी माणसंच घेतली. ऑफिसच्या खोलीत कारकून मंडळी, लॅबमध्ये पोरं, ग्रंथालयात मी, तिन्हींची दारं बंद. मध्ये व्हरांड्यात खुर्ची टाकून स्वतः सर, हातात आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या. म्हणाले, "म्या देणारा. तुमी आतून वरडायचं." आम्ही ओरडलो. दारं बंद, सरांना नीट काही ऐकू येईना. नेमके त्याच वेळी प्राचार्य आले आणि त्यांना दिसलं ते असं: व्हरांड्यात फिजिक्सचे प्राध्यापक चिठ्ठ्या घेऊन बसलेत आणि तीन खोल्यांतून माणसं बोंबलतायत, "मला पत्ता द्या!"

"सानप, हे काय चाललंय?"

"खरेदी, सर," सानप सर म्हणाले.

मग सोपान मामांना, म्हणजे आमच्या शिपायांना, निरोप्या केलं. त्यांनी दाराशी जाऊन हाक ऐकायची, सरांना सांगायची, चिठ्ठी नेऊन द्यायची. मामा गेले, आले, म्हणाले, "सर, एक जण पत्ता मागतोय." सरांनी चिठ्ठी दिली. मामा व्हरांड्यात मधोमध उभे राहिले. "कोन्या खोलीतून मागितला, ते इसरलो बगा." शेवटी ऑफिसची चिठ्ठी लॅबमध्ये गेली, लॅबची माझ्याकडे आली. मामा बिचारे घामाघूम. मी तर हसून हसून खाली बसले.

सर मात्र उठून उभे राहिले. चष्मा कपाळावर. "थांबा, थांबा. आता कळलं. निरोप्यानं नुसती हाक पोचवून भागत न्हाई. कोणच्या घरची हाक ते बी त्यानं सांगाया पायजे. आन देणाऱ्याकडं घरागणिक येगळ्या चिठ्ठ्या पायजेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंटूशेठना परत बोलावलं. पिंटूशेठनी माहितीपत्रकावर बोट ठेवलं. तिथे पत्ते देण्याघेण्याच्या व्यवस्थेचं नाव छापलेलंच होतं, डीएचसीपी. "हे बगा सर, लिहिलंय की. सगळ्यात स्वस्त आन सगळं हाय." प्राचार्य सहीला पेन उघडून बसले होते.

सर म्हणाले, "लिहिलंय खरं. पण हा घेणारा हाय, देणारा हाय, का निरोप्या हाय?"

"म्हंजे?"

"म्हंजे हा डबा सोताला पत्ता घेतो, का दुसऱ्यायला पत्ते वाटतो, का नुसती हाक पोचवतो?"

पिंटूशेठनी माहितीपत्रक उलटंपालटं केलं. फोन लावला. व्हरांड्यात जाऊन बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. तो डबा नुसता घेणारा निघाला. स्वतःपुरता पत्ता मागून घ्यायचा, एवढीच त्याची अक्कल. तो घेतला असता तर भिंती झाल्या असत्या, पण घराघरात कुणालाच पत्ता मिळाला नसता.

प्राचार्य म्हणाले, मग वेगळा कॉम्प्युटर ठेवू देणारा म्हणून. सरांनी विचारलं, लाइट गेल्यावर तो कॉम्प्युटर कोण चालू करणार? इन्व्हर्टरवर एवढं मोठं धूड किती वेळ टिकणार? स्विच टिकेल, तो खातो किती. प्राचार्यांनी पुन्हा स्वस्त डब्याचा विषय काढला. सरांनी त्यांना पुन्हा विचारलं, कळलं न्हाई, स्वस्त कावून? असं संध्याकाळपर्यंत चाललं. प्राचार्यांनी शेवटी सही केली ती पटून केली की सुटका म्हणून, हे मी सांगू शकत नाही. पण आला तो देणारा डबा. तीन घरं सांभाळणारा आणि प्रत्येक घराला त्याचे त्याचे पत्ते वाटणारा.

त्या घरांना सरांनी नावं दिली गावांची. ऑफिस म्हणजे केज, कारण सगळे कागद तिथेच अडकतात. माझं ग्रंथालय आणि वसतिगृह मिळून तलवाडा, कारण ते माझं माहेर. आणि परीक्षेची लॅब म्हणजे कडा. मी विचारलं, कडा का? तर म्हणाले, "लांब हाय. चुकून कुणी जात न्हाई." जुना राउटर काढून लॅबच्या कपाटावर ठेवला. सगळं सुरळीत चालू झालं आणि सर काही दिवस काहीच न विचारता हिंडत होते. आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी कॉलेजातल्या यंत्रांची पूजा होते. घंटेपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळ्यांना झेंडूची फुलं. लॅबची पूजा सरांची. त्यांनी नव्या स्विचला कुंकू लावलं, सगळ्या कॉम्प्युटरना लावलं, स्वतःच्या टेस्टरलाही लावलं. मग त्यांचं लक्ष कपाटावरच्या जुन्या राउटरकडे गेलं.

"इतकी वर्सं यानं एकट्यानं ओढलं, मॅडम. आन आज याला फूल बी न्हाई?"

त्यांनी तो खाली घेतला, फडक्याने पुसला. पण कुंकवाचं बोट मध्येच थांबलं. दिवे बंद होते ना. "निजलेल्याला कुंकू लावत्यात व्हय?" असं म्हणून त्यांनी तो कपाटामागच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्याची पिन लावली. एक दिवा लागला. बाकीचे लागेनात, तर लॅबचीच जवळची एक वायर त्यात खोचली. सगळे दिवे लुकलुकायला लागले. सरांनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि नमस्कार केला. मीही केला. पूजेतली वस्तू त्याच दिवशी हलवायची नाही, म्हणून तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दसरा, पुढे सुट्ट्या. हार वाळला आणि कपाटामागचा तो कोपरा सगळेच विसरून गेलो.

चाचणीला परीक्षेवाल्यांचा माणूस आला, गळ्यात टाय घातलेला. सगळे कॉम्प्युटर एकदम चालू केले. काही नेटला लागले, काही लागेनात. बंद करून परत चालू केले, तर मघाशी लागलेले त्यातले काही बंद, आणि न लागलेले काही सुरू! पुन्हा केलं, पुन्हा वेगळेच. पिंटूशेठ फोनवर म्हणाले, व्होल्टेज बघा. प्राचार्य सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो." टायवाला म्हणाला, स्विच खराब आहे, मला दुपारी निघायचंय, तसं लिहितो.

सर लॅबच्या मधोमध उभे होते. इतका गोंधळलेला चेहरा मी त्यांचाही कधी पाहिला नव्हता. मला त्यांच्याकडे बघवेना. इतकं करून हे असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "मला हे कळलं न्हाई." पण या वेळी परत सांगायला कुणी नव्हतं. मग ते एकेका कॉम्प्युटरसमोर जाऊन बसायला लागले. काहीतरी टाइप करायचे, पडद्याला नाक लावायचे आणि पुटपुटायचे, "तुला कुणी दिला?"

कॉम्प्युटरला मिळालेला पत्ता बघताना तो कुणी दिला हेही तिथे दिसतं म्हणे. सर पुटपुटत पुढे सरकत होते, "कडा. कडा. कडा." एका पडद्यापाशी ते थांबले. "ह्यो कोण?" पुढचा कडा. त्याच्या पुढचा पुन्हा "ह्यो कोण?" त्यांनी तो आकडा बोटाने टिपत वाचला, परत वाचला, आणि एकदम ताठ उभे राहिले.

"आरं, ह्यो तर आपला म्हातारा!"

ते कपाटामागे गेले. आम्ही सगळे मागोमाग. वाळक्या झेंडूच्या हारात, कपाळाला कुंकू लावून, जुना राउटर सगळे दिवे लावून बसला होता आणि प्रत्येक हाकेला ओ देत होता. नव्याने आधी ऐकलं तर नवा पत्ता देई, म्हाताऱ्याने आधी ऐकलं तर म्हातारा देई, आणि म्हाताऱ्याच्या पत्त्यावरून आता कुठेच जाता येत नव्हतं.

सर खाली बसले. वायर लगेच ओढली नाही. हात जोडले. "बस आता," ते हळूच म्हणाले. "लई केलंस." मग वायर काढली. दिवे विझले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्या डब्यासाठी की सरांसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

प्राचार्य टायवाल्याला सांगायला लागले की काहीतरी तांत्रिक अडचण होती. सरांनी मध्येच तोडलं. "तांत्रिक न्हाई. चूक माझी हाय. म्याच पूजेला लावलता." टायवाल्याने तोंड उघडं ठेवून विचारलं, "पूजेला? म्हणजे? मला समजलं नाही, जरा परत सांगा." हे ऐकून सरांचा चेहरा जो काय खुलला! त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि खंडेनवमीपासून सगळं सावकाश सांगितलं. तो दुपारी निघायचा होता, पण थांबला. पुन्हा सगळे कॉम्प्युटर चालू केले. सगळ्यांना कड्याचे पत्ते मिळाले. केंद्र आम्हाला मिळालं.

हिवाळ्यात सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात भाषणं झाली, ती त्यांना बहुधा कळली नसावीत. जाताना त्यांनी फक्त तो जुना राउटर मागून घेतला. शाल खांद्यावर, डबा काखेत, अशा थाटात ते एसटीत चढले.

परीक्षा उन्हाळ्यात आली. सकाळपासून जीपा भरून मुली येत होत्या. पाठीवर सॅक, हातात डबा, सोबत कुणाची आई, कुणाचा चुलता, कुणी एकट्याच. मी फाटकाजवळ कामावर होते. गर्दीत मला ती सफारी दिसली. सर इस्त्रीचे कपडे घालून, खिशात टेस्टर लावून आले होते. ते सवयीने सरळ आत निघाले. सोपान मामांनी त्यांना अडवलं. मामांनी हातातली यादी पुढे केली. "सर, यादीत नाव असंल त्यालाच आत सोडायचं म्हनत्यात. तुमचं... न्हाई."

मला इतका संताप आला की मी यादी फाडायलाच निघाले होते. सरांनी मला हातानेच थांबवलं. "बरोबर हाय, मॅडम. माझी मुदत संपली. मामांनी निरोप नीट दिला ह्या खेपेला." आणि ते रस्त्यापलीकडे लिंबाखाली जाऊन बसले.

परीक्षा सुरू झाल्यावर मला लॅबमध्ये काम होतं; तिथल्या खिडकीतून मी दोनदा पाहिलं. ते तिथेच होते. पुढ्यात टरफलांच्या रांगा असाव्यात, कारण मान खाली होती. लॅबच्या मशीनना परीक्षेपुरत्या भाड्याच्या बॅटऱ्या लावल्या होत्या, तरी मध्ये एकदा लाइट गेली तेव्हा ते ताडकन उठून उभे राहिले आणि लॅबच्या खिडक्यांकडे बघत राहिले. माझा हात खिडकीतून दिसावा म्हणून मी तो जोरजोरात हलवला, चालू आहे, चालू आहे. त्यांना दिसलं की नाही कोण जाणे.

मुली बाहेर पडल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. मी सरांकडे जायला रस्ता ओलांडला. त्यांनी आधीच एका मुलीला गाठलं होतं. ओळख ना पाळख. कुठल्या तरी वस्तीवरची बारीकशी पोरगी, रिकाम्या डब्याची पिशवी हातात. पेपर कसा गेला असं सगळे विचारतात. सरांनी विचारलं, "मधी बंद पडलं का ग, बाई?"

"न्हाई, आजोबा. लाइट गेलती, पन मशीन चालूच व्हतं."

सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "मला कळलं न्हाई," ते म्हणाले. "परत सांग."

मुलीला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. ती जवळ गेली आणि मोठ्याने म्हणाली, "बंद न्हाई पडलं! एकदा बी न्हाई!"

तेवढ्यात एसटी आली. ती पळत जाऊन चढली, पाठोपाठ आणखी मुली चढल्या, आणि सर्वांत शेवटी सर. गाडी हलली तेव्हा ते दांडीला धरून उभे होते, आणि त्या मुलीकडे वाकून पुन्हा काहीतरी विचारत होते. दिवे लागायला अजून बराच वेळ होता.